दोनशेच्या नोटेतून परत किती?

बटाटे २० रुपये किलो, कांदे १५ रुपये किलो. गिऱ्हाइकानं ८०० ग्रॅम बटाटे घेतले, एक किलो ४०० ग्रॅम कांदे घेतले आणि दोनशेची नोट पुढे केली. परत किती द्यायचे? कागद नाही, मोबाइल नाही, आणि मागे दुसरं गिऱ्हाईक ताटकळतंय.

उत्तर १६३. बटाट्यांचे १६, कांद्यांचे २१, दोन्ही मिळून ३७, ते दोनशेतून गेले. सुटं करून पाहिलं तर यात अपूर्णांकांचे दोन गुणाकार, एक बेरीज आणि एक वजाबाकी आहे. परीक्षेत हेच ‘शाब्दिक उदाहरण’ म्हणून येतं तेव्हा बरीच मुलं ते शेवटी सोडवायला ठेवतात, आणि शेवटी वेळ उरत नाही. कोलकात्याच्या बाजारात भाजीच्या ढिगामागे बसलेली शाळकरी वयाची पोरं मात्र हाताला लागलेली माती झटकता झटकता ते करून टाकतात.

त्यांना हे विचारणारी गिऱ्हाइकं खरी नव्हती. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, लहान मुलांच्या आकलनाचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांचे सहकारी यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत माणसं पाठवली होती. पिशवी घेऊन जायचं, नेहमीच्या गिऱ्हाइकासारखं उभं राहायचं आणि अडनिडं वजन मागायचं. पाव किलो, अर्धा किलो नाही, कारण त्यांचे भाव विक्रेत्याला पाठ असतात. ८०० ग्रॅम, १४०० ग्रॅम असं काहीतरी. दोन्ही शहरांत मिळून बाजारात काम करणारी १,४३६ मुलं या अभ्यासात होती आणि २०२५ च्या सुरुवातीला तो ‘नेचर’ या नियतकालिकात आला. कोलकात्यात दुसऱ्या प्रयत्नापर्यंत बरोबर हिशेब सांगणाऱ्या मुलांचं प्रमाण होतं ९५ ते ९८ टक्के.

मग खरी ओळख सांगून याच मुलांच्या हाती कागद-पेन्सिल दिली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागा. दोन अंकी संख्येतून दोन अंकी संख्या वजा करा, अशा दोन वजाबाक्या. भागाकार जमला ३२ टक्के मुलांना. दोन्ही वजाबाक्या जमल्या ५४ टक्क्यांना.

दोनशेतून ३७ वजा करून नोटा-नाणी हातावर ठेवणारं मूल कागदावरच्या त्याहून सोप्या वजाबाकीत अडकतं. ज्या डोक्यात वजाबाकी आहे त्याच डोक्यात ती नाही, असं म्हणायची वेळ येते.

साहजिकच शंका येतात आणि अभ्यासकांनाही त्या आल्या होत्या. मुलांनी भाव घोकून ठेवले असतील? म्हणून तर अडनिडी वजनं. शेजारचा दुकानदार कुजबुजून मदत करत असेल? तेही तपासलं. कागद पाहून घाबरली असतील, किंवा बाजारात चुकलं तर पदरचे पैसे जातात आणि इथे काही जात नाही म्हणून मन लावलं नसेल? यातल्या कशानंही निकालाचा उलगडा होईना. उलट, बाजारापासून दूर बसवून ‘समज, तू अमुक भावानं अमुक विकलंस’ असं नुसतं कल्पनेतलं उदाहरण तोंडी घातलं तरी मुलं ते छान सोडवत. म्हणजे खऱ्या नोटेची गरज नव्हती. गरज होती ती संख्येमागे काहीतरी असण्याची: किलो, रुपये, नारळ, माणसं. आणि ही मुलं शाळेचं तोंड न पाहिलेली होती असंही नाही. बरीच शाळेत जात होती किंवा जाऊन आलेली होती.

आता नाणं उलटं करून पाहू. त्याच भागातल्या शाळांतली, बाजाराचा अनुभव नसलेली ४७१ मुलं घेतली. कागदावरची साधी गणितं त्यांना जास्त बरोबर आली. बाजारातला एक बऱ्यापैकी अवघड हिशेब मात्र काम करणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून जास्त मुलांनी सोडवला आणि शाळकरी मुलांपैकी फक्त १ टक्क्यानं. ती लांबच्या वाटेनं लिहीत बसत, गुणाकारानंतर बेरीज आणि मग वजाबाकी अशी साखळी त्यांना जुळत नसे, आणि उत्तर येईपर्यंत इतका वेळ जाई की कोणतंही गिऱ्हाईक केव्हाच पुढच्या गाळ्यावर गेलं असतं. गणित दोघांनाही येतं, आणि दोघांनाही येत नाही.

हे कोडं नवं नाही. ब्राझीलच्या ईशान्य कोपऱ्यातल्या रेसिफे शहरात ते चाळीस वर्षांपूर्वी दिसलं होतं. तेरेझिन्या काराहेर, डेव्हिड काराहेर आणि अनालुसिया श्लीमन या तिघांनी १९८५ साली एक छोटासा अभ्यास छापला. मुलं फक्त पाच, वयं ९ ते १५, सगळी रस्त्यावर किंवा बाजारात विक्री करणारी. आधी गिऱ्हाईक होऊन त्यांना ६३ हिशेब घातले, नंतर तेच आकडे घेऊन कागदी गणितं आणि शाब्दिक उदाहरणं दिली. बाजारात ९८.२ टक्के उत्तरं बरोबर. शाब्दिक उदाहरणांत ७३.७. नुसत्या आकड्यांच्या मांडणीत ३६.८. पाच मुलांवरून जगाबद्दल काही म्हणू नये हे खरं, पण या अभ्यासाची मजा टक्क्यांत नाहीच. मुलं विचार कसा करतात ते त्यांनी शब्दाशब्दानं टिपून ठेवलं, ती खरी दौलत.

त्यातला एक मुलगा बारा वर्षांचा, नारळ विकणारा. एक नारळ ३५ क्रुझेरोंना. चार नारळांचे किती? त्यानं आधी तीन नारळांचे १०५ घेतले, कारण तीन नारळांचा भाव त्याच्या तोंडात बसलेला असावा. त्यात ३० घातले, १३५. राहिलेले पाच घातले, १४०. दहा नारळांचे विचारले तर ३५ पुढे शून्य लावायची शाळेतली युक्ती त्यानं वापरलीच नाही. तीनाचे १०५, आणखी तीनाचे २१०, आणखी तीनाचे ३१५, वर एक, ३५०. आता त्याच्यापुढे कागदावर ३५ गुणिले ४ ठेवलं. तो मोठ्यानं बोलत करू लागला: चार पंचे वीस, शून्य लिहिलं, हातचे दोन. ते हातचे दोन त्यानं आधीच तीनात मिळवले, झाले पाच. पुन्हा चार पंचे वीस. उत्तर लिहिलं २००.

चार नारळांचे १४० सांगणाऱ्या मुलाला त्याच चार नारळांचे २०० झाले आणि काही खटकलं नाही. गाळ्यावर त्यानं २०० मागितले असते तर त्याचं त्यालाच हसू आलं असतं. कागदावर मात्र ३५ हे पस्तीस राहतच नाही. तिथे एक ५ असतो आणि एक ३ असतो, उजवीकडून डावीकडे सरकायचं असतं, मध्ये हातचा नावाचं एक बारीक भूत डोक्यावर बसवायचं असतं. त्या तीनाचा अर्थ तीस आहे ही गोष्ट त्या सगळ्या कवायतीत कुठेच उच्चारली जात नाही. बाजारातला हिशेब मोठ्या ढेकळांकडून बारीक खड्यांकडे जातो, आधी तीस मग पाच. लेखी रीत बरोबर उलटी चालते.

इथे लेखी रीतीची बाजू घ्यायला हवी, कारण अशा गोष्टी ऐकल्या की ‘खरी शाळा रस्त्यावरच’ असली गुळगुळीत वाक्यं लगेच सुचतात, आणि ती बहुधा शिकलेल्या माणसांनाच सुचतात. अर्थाशिवाय चालणं हाच लेखी रीतीचा पराक्रम आहे. तिला नारळ आणि नक्षत्रं सारखीच. आकडा सात अंकी असला तरी ती दमत नाही, आणि एकदा अर्थाची गरज संपली की आकड्याच्या जागी अक्षर बसवता येतं. बीजगणित, व्याजाचं कोष्टक, इंजिनाचं गणित, सगळं तिथून पुढे सुरू होतं. गाळ्यावरची हुशारी आपोआप तिथवर चढत नाही. कोलकात्याच्या मुलांनी हेच दाखवलं. आणि दहा-बारा वर्षांच्या मुलानं दिवसभर काट्यामागे बसावं यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. बाजारातल्या मुलाची अडचण शाळेला कळू नये असं काय आहे? शहाण्यासुरत्या शिक्षकाला समोरचं मूल संध्याकाळी भाजी विकतं हे अनेकदा ठाऊकही असतं.

याचा एक धागा अमेरिकेत सापडतो. शर्ली ब्राइस हीथ या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कॅरोलायना राज्यांतल्या कापडगिरण्यांच्या भागात वर्षानुवर्षं राहून घराघरांतलं बोलणं टिपलं आणि १९८३ साली त्यावर पुस्तक काढलं. तिथल्या शिकल्या-सवरलेल्या गोऱ्या घरांत आईवडील लहानग्यांना सतत असे प्रश्न विचारत, ज्यांची उत्तरं त्यांना स्वतःला माहीत असत. हा कुठला रंग? गाय कशी ओरडते? कामकरी कृष्णवर्णीयांच्या वस्तीत असं कुणी विचारत नसे. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे ते कशाला विचारायचं? तिथली मुलं शाळेत आली आणि बाईंनी हातात लाल चेंडू धरून ‘हा कुठला रंग?’ विचारलं की गप्प बसत. बाईंना वाटे, मुलाला रंग येत नाहीत.

हे वाचलं की आपल्याकडची जेवणाची वेळ आठवते. मध्यमवर्गीय घरात ताटावर बसल्या बसल्या ‘सांग बरं, सात आठा?’ होतं. विचारणाऱ्याला छप्पन्न हवे नसतात, मूल परीक्षेला बसवायचं असतं. शाळेची ही सवय त्या घरातल्या मुलाच्या अंगवळणी पहिलीत जाण्याआधीच पडलेली असते. बाजारातलं गिऱ्हाईक किंमत विचारतं ते त्याला किंमत माहीत नसते म्हणून. ज्या मुलाला सगळे प्रश्न असे खरे भेटले, त्याला कोऱ्या कागदावरचा ४३१ भागिले ७ हा प्रश्न आहे हेच आधी शिकावं लागतं. कोणाला हवंय ते उत्तर?

आपण देशभर शिक्षणाची नाडी पाहतो तीही याच कागदावर. ‘प्रथम’ या संस्थेचा ‘असर’ अहवाल २००५ पासून निघतो. स्वयंसेवक गावोगाव घरी जातात, मुलाला अंक ओळखायला लावतात, हातच्याच्या दोन वजाबाक्या देतात आणि तीन अंकीला एक अंकीनं भागायला सांगतात. २०२२ च्या अहवालात पाचवीतल्या २५.६ टक्के मुलांना हा भागाकार आला. दर वेळी हे आकडे येतात आणि वर्तमानपत्रं हळहळतात. आकडे चूक नाहीत. शाळा जे शिकवायचं म्हणते तेसुद्धा शिकवत नाही, हे ‘असर’नं पुराव्यानिशी दाखवलं नसतं तर आपण अजून पटनोंदणीवरच खूश असतो. पण कोलकात्याच्या मुलांपुढे ठेवलेली गणितं याच जातीची होती. उरलेल्या पाऊण वर्गाच्या नावापुढे ‘गणित येत नाही’ असं लिहिताना हात जरा थांबायला हवा.

थोडं मागे जाऊ. महाराष्ट्रातल्या जुन्या पंतोजींच्या शाळेत मुलं धूळपाटीसमोर बसून पावकी, निमकी, पाऊणकी ओरडत. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणाचा, पुढे सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनाची औटकी. आज ऐकताना ही विक्षिप्त पोपटपंची वाटते. पण रुपयाचे सोळा आणे, शेराचे चार पाव, मणाचे चाळीस शेर अशा जगात ते तयार हत्यार होतं. पाठ झालं की मूल थेट दुकानाच्या गादीवर किंवा कुलकर्ण्याच्या दप्तरावर बसू शके. म्हणजे बाजार आणि शाळा यांची फारकत ही काही निसर्गाची आज्ञा नव्हे. आपल्याकडे या दोघांचा चांगला घरोबा होता.

मात्र त्या धूळपाटीसमोर बसत कोण, तर ज्यांच्या घरी गादी किंवा दप्तर होतं ते. बाकीच्यांना पायरीही नव्हती. इंग्रजी अमलात सरकारी शाळा निघाल्या तरी १८५६ साली मुंबई इलाख्यातल्या धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला तेव्हा तो नाकारला गेला. शाळेत कोण बसतं आणि तिथे काय शिकवतात, या दोन्ही गाठी जोतीराव फुल्यांना दिसत होत्या. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो म्हणून सरकारला धारेवर धरलंच, शिवाय खेड्यातल्या प्राथमिक शाळेत काय शिकवावं तेही सांगितलं: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान. त्या यादीतला ‘हिशेब’ मला फार बोलका वाटतो. ज्याला सावकाराच्या वहीत काय लिहिलंय ते कळत नाही त्याच्यासाठी ती मागणी होती.

पुढे शाळेचं दार कायद्यानं सगळ्यांना उघडलं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, मागोमाग किलो आणि लिटर आले, पावकी-निमकीचं काम संपलं. ते व्हायलाच हवं होतं. पण त्यांच्याबरोबर बोलता बोलता हिशेब करायची रीतही वर्गातून गेली, आणि ती अशा वेळी गेली की नव्यानं आत येणाऱ्या मुलांजवळ नेमकी तीच होती.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीतल्या मुलांच्या अशा गणिताचा बारकाईनं अभ्यास केला आहे. घराघरांत उद्योग चालणारी ती वस्ती: चामडं, शिवण, जरीकाम, भंगार. त्यात हळूहळू लक्षात येतं की ‘कामातून गणित’ हेही सगळ्यांना सारखं मिळत नाही. जो माल आणतो, भाव ठरवतो, देणं-घेणं सांभाळतो त्याच्या वाट्याला भरपूर गणित येतं. जो दिवसभर एकच टिकली एकाच जागी चिकटवतो त्याच्या वाट्याला फार तर मोजदाद. घरातल्या मुलाला गल्ल्यावर बसवतात आणि मुलीला टिकल्या देतात, तेव्हा तिथेच एक इयत्ता वाटून टाकलेली असते.

इथवरच्या गोष्टीत मूल तेच होतं, जागा बदलत होती. आता एक असा प्रयोग, ज्यात जागा तीच, कागद तोच, काम तेच. बदललं फक्त एक वाक्य.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमधली सहावी-सातवीची मुलं घेतली, ३२१ वरच्या मानलेल्या जातींची आणि ३२१ चर्मकार समाजाची. सहा-सहा जणांचे गट केले. काम खेळकर होतं: कागदावर छापलेली भूलभुलैयाची चित्रं, त्यांतून पेन्सिलीनं वाट काढायची. पंधरा मिनिटांत जमतील तितकी सोडवायची, जितकी सुटतील तितके पैसे. शाळेत असलं काही शिकवत नाहीत, त्यामुळे कुणाचा सराव नव्हता. काही गटांत नाव-गाव न पुकारता थेट काम सुरू केलं. वरची आणि खालची मानलेली मुलं सारखीच निघाली, सांगण्यासारखा फरकच नाही.

दुसऱ्या गटांत सुरुवातीला एक औपचारिकता पार पडली. प्रत्येक मुलाचं नाव, गाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवायची, मुलानं मान हलवून होकार द्यायचा. बस. कुणी हिणवलं नाही, कुणाला वेगळं बसवलं नाही, स्वतःची जात कुणालाच नव्यानं कळली नाही. आणि चर्मकार मुलांनी सोडवलेली कोडी पाचव्या ते चौथ्या हिश्शानं घटली.

मी हा प्रयोग पहिल्यांदा वाचला तेव्हा मागे जाऊन ती मांडणी पुन्हा वाचली, काहीतरी सुटलं असेल म्हणून. काही सुटलं नव्हतं. बोटं तीच, डोळे तेच, मिनिटं पंधराच. त्या मुलांच्या बुद्धीचा चौथा हिस्सा एका हजेरीत कुठे गेला?

प्रयोगाच्या आणखी एका रूपात पैसे कुणाला मिळणार हे चिठ्ठी काढून ठरणार होतं. तिथे जात पुकारूनही दरी नाहीशी झाली. चिठ्ठीला जात कळत नाही. संशोधकांचा अर्थ असा की मुलाचा अविश्वास स्वतःच्या डोक्यावर नव्हता, तो मोजणाऱ्या माणसांवर होता. आपण कितीही केलं तरी हे लोक ते धरणार नाहीत, असं ज्याला जन्मापासून समजत आलं आहे तो पेन्सिल थोडी सैल धरतो. माझ्या मते यात आळसाचा अंश नाही, अनुभवाचा आहे. आणि तो अनुभव अगदीच खोटा म्हणता येत नाही. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतातल्या एका शहरात उत्तरपत्रिकांवर नाव-जात उगाच कशीही टाकून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा खालची जात लिहिलेल्या पेपरला थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, आणि गंमत म्हणावी की दुःख, तो प्रामुख्यानं खालच्या मानलेल्या जातींतल्याच तपासनिसांच्या हातून पडला.

धनंजय कीर यांनी लिहिलेल्या बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात मुंबईच्या शाळेतला एक प्रसंग आहे. मास्तरांनी भीमरावांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावलं. वर्गात एकच गलका झाला आणि मुलं फळ्याकडे धावली, कारण त्यांचे जेवणाचे डबे फळ्याच्या मागे ठेवलेले होते. आधी डबे हलले, मग हा मुलगा खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहिला. उत्तर प्रदेशच्या मुलांना नुसतं नाव वाचल्यानं काय झालं ते माहीत असल्यावर, त्या क्षणी हातातला खडू न थरथरणं म्हणजे काय असेल याचा थोडासा अंदाज बांधता येतो. असे आंबेडकर उदाहरण म्हणून पुढे करून ‘बघा, परिस्थितीवर मात करता येते’ सांगणाऱ्यांनी उरलेल्या वर्गाचा हिशेब कधी केलेला नसतो. आजही शाळांतून ‘शिष्यवृत्तीचे फॉर्म आलेत, अमक्या-तमक्या मुलांनी उभं राहा’ असं ऐकू येतं. हेतू चांगला असतो. मूल उभं राहतं, सगळे वळून बघतात, आणि पुढच्या तासाला कदाचित गणिताची चाचणी असते.

या प्रयोगाचं एक शेपूट फारसं सांगितलं जात नाही. पुढच्या टप्प्यात हॉफ आणि पांडे यांनी एकाच थरातली मुलं एकत्र बसवून जात पुकारली. चर्मकार मुलांची कामगिरी घसरलीच, पण वरच्या जातीची मुलंही मागे पडली. सगळे आपलेच, सगळे वरचे, मग धडपडायचं कुणासाठी? असं त्यांच्या मनात आलं असेल का, याचं उत्तर कोडी देत नाहीत. जात मोठ्यानं वाचली की नुकसान एकाच बाजूचं होतं हा समज मात्र त्या कागदांनी मोडला. शाळकरी मुलांपैकी फक्त १ टक्क्याला बाजाराचा तो हिशेब आला, त्याच्याशी मला याचं नातं लागतं. एकाच प्रकारच्या मुलांना एकाच प्रकारचे प्रश्न घालत राहिलं की तीही अर्धीच शिकतात.

मग दोन गणितं जोडायची कशी? वाटतं तितकं सोपं नाही. स्पेल्की, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’च्या मदतीनं दिल्लीच्या वस्त्यांतल्या बालवाड्यांमध्ये गणिताचे खेळ नेले: ठिपक्यांचे समूह पाहून कुठे जास्त ते ओळखायचं, आकारांत वेगळा कोणता ते शोधायचं. २०१७ साली ‘सायन्स’मध्ये निकाल आले. मुलांची संख्यांची उपजत जाण वाढली आणि ती वर्षभरानंतरही टिकली होती. पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात त्यांना त्याचा टिकाऊ फायदा दिसला नाही. बाजारात जे झालं तेच इथे, पाच वर्षांच्या मुलांत. जाण एकीकडे, चिन्हं दुसरीकडे, आणि मधली वाट कुणी दाखवल्याशिवाय मूल आपण होऊन ती काढत नाही.

ती दाखवायची जागा कुठे असावी याची खूण कोलकात्याच्या मुलांनीच दिली आहे. ४३ ला ११ नं गुणायचं असेल तर ती ४३ ची दहापट करतात आणि वर ४३ मिळवतात, ४७३. शाळेत याला वितरणाचा नियम म्हणतात, तो नाव घेऊन बऱ्याच उशिरा येतो आणि अनेकांना कधीच येत नाही. वर्गात अशा मुलाला ‘रीत चुकली, हातचा कुठंय?’ असं म्हणता येतं. किंवा विचारता येतं, कसं केलंस रे? तो सांगेल तसं फळ्यावर लिहायचं: आधी ४३०, त्याखाली अधिक ४३. शेजारी ४३ × (१० + १). त्यातलं त्याला नवीन काय, तर कंस. तो शिकवायला एक तास पुष्कळ झाला.